एक्याण्णव अंश

सोमवारी सकाळी रोस्विटा बाटल्या तिरक्या करून बघते.
एवढंच काम.
एकतीस बाटल्या, फळीवर ओळीने,
पोटात राळ, आणि राळेत चिमूटभर ते,
ज्याने आज काहीही करायचं नाही.

मी इथे काच धुते. मला सगळं दिसतं.

राळ वाहते, एकतारी पाकासारखी,
कडेकडेने, आळसावून.
ती वहीत लिहिते: वाहते.
सहावा आठवडा. वाहते.

उत्प्रेरकाला सगळे विचारतात, किती लवकर?
हिने दोन वर्षं विचारलं, किती उशिरा?
विरजण असं हवं
की दुधात महिनाभर पडून राहील
आणि ताकास तूर लागू देणार नाही.
मग ऊब लागली की काही मिनिटांत
दगड.

त्या रेणूने श्वास रोखून धरलाय, ती म्हणते,
आणि हे बोलण्यापुरतं नाही, फ्राउ लाइटगेब:
त्याच्या तोंडाला खरोखर
कार्बन डायऑक्साइडचं बूच आहे.
तापवलं की बूच सुटतं,
आतला उपाशी जागा होतो,
जवळच्याचा हात धरतो, तो पुढच्याचा,
आणि मग कुणालाच हलता येत नाही.

पण सुटलेलं बूच जाणार कुठे?
पहिल्या वर्षी प्रत्येक तुकडा पावासारखा फुगला.
ऑर्टविनने एक करवतीने कापला,
भोकं बघितली, म्हणाला, लोणी आणू?
ती त्या दिवशी जेवायला गेली नाही.
पुढे थर पातळ केले, ताप सावकाश चढवला,
बुडबुड्यांना वर यायला वेळ दिला.
वेळच देत होती ती, दोन्हीकडून.

सतरा नंबर जुलैत खिडकीतच आळला.
बाटली फोडली, तर आत राळ तिरपी,
भिंतीला टेकवून ठेवली होती
त्याच कोनात, कायमची.
धुण्यासारखं काही उरलं नव्हतं.
पडदा ओढायचं कोण विसरलं,
यावर एक बैठक झाली.
मी विसरले होते.
अजून सांगितलेलं नाही.

मग लिंझहून कारखान्याचं पत्र:
मोटारींच्या गुंडाळ्यांत तुमची राळ भरली,
पंच्याऐंशी अंशावर तासभर ठेवली,
झोपलेलीच आहे.

तीन आठवडे सगळ्यांचा संशय रेणूवर.
तो पुन्हा धुतला, पुन्हा वाळवला,
पुन्हा तोलला, जणू चोरी त्यानेच केली.
इथल्या भट्टीत मात्र तो
पंच्याऐंशीला टक्क जागा.
बाहेर मुर नदीच्या काठाला बर्फ धरत होता,
रोस्विटाच्या डोळ्यांखाली काळं.

ऑर्टविनच्या मावशीकडे मुरांबा करायचा
जुना तापमापक आहे, लाकडी पाठीचा.
डब्यात, कापडात गुंडाळून त्याने तो आणला,
भट्टीच्या जाळीवर ठेवला.
काचेच्या दारातून आम्ही तिघं बघत राहिलो,
पारा चढताना.
भट्टीचा आकडा: पंच्याऐंशी.
मावशीचा आकडा: एक्याण्णव.

सहा अंश.
भट्टी किती वर्षं खोटं बोलत होती कोण जाणे,
इतक्या ठामपणे,
हिरव्या आकड्यांत.

रोस्विटा हसेल असं वाटलं, नाहीतर रडेल.
तिने खुर्ची ओढली, जुन्या वह्या काढल्या,
आणि एकेक पंच्याऐंशी शोधून
त्याच्या डोक्यावर एक्याण्णव लिहीत बसली.
खालचा खोडला नाही.
संध्याकाळी दिवे लावायला गेले तेव्हा
ती सातव्या वहीवर होती.
मी तेव्हा म्हणणार होते, सतरा नंबरचं.
तोंड उघडलंही होतं.

आज सोमवार. एकतीस नंबर वाहते.
लिंझला नवा आकडा कळवलाय, उत्तर नाही.
भट्टीला किंचित जर्दाळूचा वास आहे,
किंवा मलाच येतो.
मावशीचा निरोप आलाय:
फळं पिकायच्या आत माझी वस्तू परत करा.